सामायिक घर-जमिनीची बोलणी: भावकीची बैठक न मोडता कशी चालवावी

कोकणातील सामायिक घरांची आणि जमिनींची बोलणी बहुधा गणपतीत होतात, कारण मुंबई-पुण्याचे चाकरमानी आणि गावात राहणारे भाऊबंद वर्षातून तेवढेच काही दिवस एका छपराखाली असतात. त्यातील बरीचशी बोलणी पहिल्या तासातच मोडतात. कारण दर वेळी कोणाचा स्वार्थ असतो असे नाही. पुष्कळदा क्रम चुकलेला असतो. आकडा आधी बोलला जातो आणि कागद नंतर शोधले जातात, जिचे म्हणणे ऐकायला हवे होते ती बहीण आत स्वयंपाकघरात असते, आणि ज्यांच्या एका वाक्याने बाकीचे गप्प होतात ते मोठे काका सर्वांत आधी बोलून मोकळे होतात. त्यानंतर कोणी कितीही गोड शब्द वापरले तरी उपयोग होत नाही. म्हणून पुढील पद्धतीत शब्दांइतकाच भर तयारीवर आणि क्रमावर आहे. या पद्धतीने मतभेद संपतीलच असे नाही. पण मतभेद राहिले तरी बोलणे चालू राहते, आणि भावकीत एवढे साधले तरी पुष्कळ झाले.

तयारीला गणपतीच्या आधी किमान महिनाभर लागतो. पहिले तीन टप्पे त्या महिन्यातले आहेत.

टप्पा १: प्रश्न एकच निवडा आणि तो लिहून काढा

एका बैठकीत एकच प्रश्न घ्यावा. घराच्या छपराची दुरुस्ती, कलमांच्या बागेचा हिशेब, महामार्गात गेलेल्या जमिनीचा मोबदला आणि गणपतीची पाळी हे चार वेगळे प्रश्न आहेत. ते एकत्र केले की एकात हरलेला माणूस दुसऱ्यात अडवणूक करतो आणि चारांपैकी एकही सुटत नाही.

प्रश्न लिहिताना त्यात उत्तर किंवा आरोप दडलेला नाही ना, हे पाहावे. "दादाने बागेचे पैसे का दिले नाहीत?" हा प्रश्न नसून ठपका आहे, आणि तो ऐकून येणारा दादा हिशेब घेऊन येणार नाही, वकील शोधून येईल. त्याऐवजी "गेल्या तीन हंगामांतील बागेचे उत्पन्न व खर्च किती झाला आणि पुढे ते कसे वाटावे?" असे लिहावे. "घर विकायचे की नाही?" असे विचारले की दोन तट पडतात, "घराचे वासे आणि कौले बदलण्याचा खर्च कोणी, कसा उचलावा, आणि तो जमणार नसेल तर पुढे काय करता येईल?" असे विचारले की विक्रीचा विषय दाराबाहेर राहत नाही, पण तो पहिला पाहुणाही ठरत नाही.

तपासा: लिहिलेला प्रश्न ज्याच्याशी सर्वाधिक मतभेद आहे त्याला फोनवर वाचून दाखवा. "हो, हाच प्रश्न आहे," असे तो म्हणेपर्यंत शब्द बदलत राहा. इथे दोन दिवस गेले तरी ते वाया जात नाहीत.

टप्पा २: कागद आधी, मत नंतर

भावकीतील निम्मे वाद मतांचे नसतात. एका बाजूच्या हातात एक कागद असतो, दुसऱ्या बाजूच्या आठवणीत भलतेच काही असते. म्हणून बैठकीपूर्वी पुढील कागद काढून त्यांच्या प्रती सर्वांना सारख्या द्याव्यात. एकाच्या पिशवीत असलेला कागद बैठकीत अचानक बाहेर आला की त्यातील मजकूर खरा असूनही त्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

जमिनीच्या प्रत्येक गट क्रमांकाचा चालू सातबारा आणि ८-अ (खातेउतारा) काढावा. सातबाऱ्यावरील "इतर हक्क" हा रकाना न चुकता वाचावा, कारण कुळाची नोंद किंवा बँकेचा बोजा तिथे असतो आणि तो अनेकांना पहिल्यांदा भर बैठकीत कळतो. आजोबांचे नाव अजून सातबाऱ्यावर असेल, तर वारस नोंदीचे काम वाटणीच्या चर्चेआधी मार्गी लावावे. मृत माणसाच्या हिश्श्यावर जिवंत माणसांनी वाद घालण्यात अर्थ नसतो. त्यानंतर जुने फेरफार काढावेत, म्हणजे कोणाचे नाव कधी आणि कोणत्या आधारावर लागले ते दिसते. घरासाठी ग्रामपंचायतीचा असेसमेंट उतारा घ्यावा, पण घरपट्टी ज्याच्या नावावर आहे तोच मालक, असे त्यावरून ठरत नाही, हे सर्वांना आधीच सांगून ठेवावे. गावात राहणाऱ्या भावाचे नाव केवळ सोयीसाठी लावलेले असते आणि पुढे त्याच सोयीवरून वाद पेटतो.

जुन्या उताऱ्यांवर हिस्से आणे-पैत लिहिलेले आढळतात. तेव्हा सोळा आणे म्हणजे पूर्ण हिस्सा आणि बारा पै म्हणजे एक आणा, असा हिशेब धरून सर्व हिस्से पैत करून घ्यावेत. ५ आणे ४ पै म्हणजे ६४ पै, म्हणजे एक तृतीयांश. २ आणे ८ पै म्हणजे ३२ पै, म्हणजे एक षष्ठांश. सगळ्यांची बेरीज १९२ पै झाली पाहिजे. ती होत नसेल, तर कोणीतरी हिस्सा दोनदा धरला आहे किंवा एखादी शाखा सुटली आहे. ही चूक बैठकीआधी सापडली तर ती गणिताची चूक राहते. बैठकीत सापडली तर ती लबाडी ठरते.

बहिणींच्या हिश्श्याबद्दल अंदाजाने बोलू नये. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील ९ सप्टेंबर २००५ पासूनच्या सुधारणेने एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला आहे, आणि त्या तारखेला वडील हयात असणे आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात स्पष्ट केले आहे. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेली वाटणी मात्र या सुधारणेमुळे मोडत नाही. त्यामुळे "बहिणींना हुंडा दिला, संपले" हे वाक्य बैठकीत यायच्या आधीच कायद्याची ही स्थिती एका पानावर लिहून सर्वांना द्यावी, म्हणजे ते सांगण्याची वेळ बहिणीवर येत नाही.

बागेचा प्रश्न असेल तर हंगामवार हिशेब मागवावा: किती पेट्या गेल्या, वाशीच्या बाजारातील दलालाने दिलेल्या विक्रीच्या पट्ट्या कुठे आहेत, फवारणी, राखण आणि तोडणीचा खर्च किती. पावत्या सगळ्या मिळणार नाहीत. ज्या खर्चाची पावती नाही तो वेगळ्या रकान्यात लिहावा आणि त्यावर "अंदाजे" असा शेरा मारावा. तो खोटा धरू नये आणि खराही धरू नये.

सावधान: कागद मागण्याची भाषा सांभाळा. "हिशेब दाखव" हे वाक्य वर्षभर झाडांखाली राबलेल्या माणसाला झोंबते. "दादा, आम्हां मुंबईच्यांना बागेतले काही कळत नाही, खर्च कुठे कुठे होतो ते एकदा लिहून दिलेस तर बोलताना आमची चूक होणार नाही," असे म्हटल्यास मागणी तीच राहते आणि माणूस दुखावत नाही.

टप्पा ३: एकेकाला आधी भेटा

सर्वांना एकदम बसवण्यापूर्वी प्रत्येक शाखेतील निदान एका व्यक्तीशी वेगळे बोलावे. हे पाठीमागचे राजकारण नव्हे, पण ते तसे दिसू शकते. म्हणून आपण सगळ्यांनाच भेटत आहोत, हे प्रत्येकाला सांगावे आणि एकाचे बोलणे दुसऱ्याकडे नेऊ नये.

या भेटीत "तुला काय पाहिजे?" असे विचारून थांबू नये; "ते कशासाठी पाहिजे?" हेही हळूच विचारावे. लोक मागतात एक आणि त्यांना लागते दुसरे. घर मोडायला ठाम नकार देणाऱ्या चाकरमान्याला बऱ्याचदा गणपतीत आणि मे महिन्यात हक्काने उघडता येईल अशी एक खोली हवी असते. सगळी बाग स्वतःकडे ठेवू पाहणाऱ्या भावाला आपण पंधरा वर्षे गडगे (दगडी कुंपणे) बांधले, वणवे विझवले, म्हाताऱ्यांची दवाखान्याची धावपळ केली, हे कोणीतरी चारचौघांत मान्य करायला हवे असते. आणि हिश्श्यावर सही न करणाऱ्या आत्याला पुष्कळदा गुंठे नको असतात. हिस्सा सोडला की ओवशाला (गौरीच्या सणातील सुवासिनींच्या विधीला) कोणी बोलावणार नाही, ही भीती असते. मात्र हे आपण गृहीत धरू नये. तिला जमीनच हवी असेल तर ती मागणी तितकीच रास्त आहे.

निमंत्रितांची यादी याच टप्प्यावर पक्की करावी. ज्यांचा हिस्सा आहे ते सगळे त्यात असले पाहिजेत, लग्न होऊन गेलेल्या मुली आणि विधवा सुनाही. परदेशी असलेल्याला व्हिडिओ कॉलवर घ्यावे, आणि गावात नेटवर्क कोणत्या कोपऱ्यात मिळते ते आधी तपासून जागा ठरवावी. ज्यांचा हिस्सा नाही पण ज्यांच्या शब्दाला वजन आहे, असे जावई, मेहुणे, शेजारी, पुढारी यांना बोलावू नये. एका बाजूने एक आणला की दुसरी बाजू दोन आणते.

बोलणी चालवणारा माणूस हिस्सेदार नसावा हे उत्तम. गावातील निवृत्त शिक्षक, दोन्ही बाजूंचा आदर असलेले एखादे नातेवाईक, किंवा वाडीतील समंजस बाई असे कोणीही चालेल. त्या व्यक्तीला निकाल द्यायचा नाही, फक्त पाळी, वेळ आणि विषय सांभाळायचा आहे, हे तिला आणि सर्वांना स्पष्ट असावे. जमिनीचे एजंट कितीही जवळचे असले तरी या कामाला नकोत.

सर्वांत नाजूक भेट घरातील वडीलधाऱ्यांची. त्यांना शेवटी बोलायची विनंती याच भेटीत करावी लागते. "काका, तुम्ही आधी बोललात की आम्ही कोणी तोंड उघडणार नाही आणि मनातले मनातच राहील. सगळ्यांचे ऐकून शेवटचा शब्द तुम्ही बोलावा," असे सांगितले तर तो अपमान वाटत नाही, कारण शेवटचा शब्द आपल्याकडे मानाचाच असतो. ही विनंती भर बैठकीत केली तर मात्र तीच गोष्ट तोंड दाबण्यासारखी दिसते.

तपासा: भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर या काळात फक्त तारीख, वेळ आणि कागदांचे फोटो टाकावेत. मत मांडायचे असेल तर फोन करावा. रात्री अकराला पाठवलेला लांबलचक संदेश सकाळी दहा घरांत दहा आवाजांत वाचला जातो.

टप्पा ४: दिवस, वेळ आणि बसण्याची जागा

गणपती यायच्या आदल्या दिवशी माटवी (गणपतीच्या वर टांगायची फळा-पानांची चौकट) बांधायची, मखर लावायचे, बाजार आणायचा असतो, आणि चाकरमानी रात्रभर प्रवास करून आलेले असतात. तो दिवस वगळावा. गौरीपूजनाच्या दिवशी घरातील बायका सकाळपासून ओवशाच्या आणि नैवेद्याच्या गडबडीत असतात. त्या दिवशी बैठक ठेवणे म्हणजे त्यांना वगळणेच होय. विसर्जनाच्या दिवशी माणसे हळवी असतात आणि रात्रीच्या गाडीची बॅग भरलेली असते. घाईत घेतलेले निर्णय पनवेल येईपर्यंत फिरतात. रात्रीच्या भजनानंतरची वेळ तर नकोच. थकवा असतो, आणि काही घरांत त्या वेळेला दारूही असते.

उरतो तो गणपती बसल्यानंतरचा दुसरा किंवा तिसरा दिवस, सकाळची आरती आणि न्याहारी झाल्यावरचे दोन तास. दीड दिवसाचा गणपती असलेल्या घरांनी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बसावे. जेवण तयार करण्याची जबाबदारी त्या दिवशी कोणाच्याही सुनेवर न टाकता बाहेरून जेवण मागवावे किंवा आदल्या दिवशी सोय करावी. हे किरकोळ वाटते, पण कुकरच्या शिट्टीकडे अर्धे लक्ष असलेली बाई चर्चेत नसते.

जागा ओटी किंवा पडवी असावी आणि सगळे एकाच पातळीवर बसावेत: सगळे खुर्च्यांवर किंवा सगळे सतरंजीवर. पुरुष ओटीवर आणि बायका माजघराच्या दाराआड उभ्या, ही रचना असेल तर बैठक सुरूच करू नये. गणपतीच्या मखरासमोर बसावे की नाही यावर दोन मते आहेत. माझ्या मते नाही, कारण तिथे कोणीतरी शपथ घालतोच.

सावधान: कोणाचेही निवेदन खरे-खोटे करण्यासाठी "देवाच्या पायरीवर हात ठेवून सांग" असे म्हणू नये, आणि बोलणी अर्धवट सोडून ग्रामदेवतेला कौल लावायला जाऊ नये. ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी सुरुवातीला गाऱ्हाणे अवश्य घालावे. पण कौल एका बाजूचा आला की दुसऱ्या बाजूला देवाशी वाद घालावा लागतो, आणि ते कोणीही करत नाही. तो गप्प बसतो आणि पुढच्या महिन्यात नोटीस पाठवतो.

टप्पा ५: पहिली फेरी, फक्त ऐकण्याची

सूत्रधाराने, म्हणजे बोलणी चालवणाऱ्या व्यक्तीने, आधी लिहून ठेवलेला प्रश्न वाचावा, कागदांची यादी वाचावी आणि तीन नियम सांगावेत: बोलणाऱ्याला मध्ये तोडायचे नाही, प्रत्येकाला पहिल्या फेरीत पाच ते सात मिनिटे, या फेरीत कोणी आकडा, भाव किंवा तोडगा मांडायचा नाही. फोन टोपलीत ठेवावेत, व्हिडिओ कॉलचा एक सोडून. बैठकीचे गुपचूप ध्वनिमुद्रण करणार नाही, हेही सर्वांकडून वदवून घ्यावे.

बोलण्याचा क्रम वयाने नको. ज्याचे एरवी कमी ऐकले जाते त्याने आधी बोलावे: बहीण, विधवा वहिनी, धाकटा भाऊ, मग गावात राहणारे, मग मुंबईचे, शेवटी वडीलधारे. गावाकडच्यांना मुंबईकरांच्या आधी बोलू द्यावे यालाही कारण आहे. मुंबईकर सफाईने बोलतो, मुद्दे मोजून मांडतो, आणि त्याच्यानंतर बोलणाऱ्याला आपले सरळ म्हणणेही अडाण्यासारखे वाटू लागते. ज्याला मालवणीत बोलायचे आहे त्याने मालवणीत बोलावे. प्रमाण भाषेत बोलायला लावले की माणूस निम्मे बोलतो.

प्रत्येकाचे बोलणे झाल्यावर, उत्तर देण्यापूर्वी, दुसऱ्या बाजूच्या एकाने ते स्वतःच्या शब्दांत सांगावे. "वहिनी, मला असे समजले की घराची दुरुस्ती झाली नाही तर पुढच्या पावसात तुम्हांला मुलांना घेऊन माहेरी जावे लागेल, आणि खर्च विचारायला कोणाला फोन करावा हेच तुम्हांला कळत नाही. बरोबर?" वहिनी "बरोबर" म्हणाल्या तरच पुढे जावे, त्या "नाही, तसे नाही" म्हणाल्या तर पुन्हा सांगू द्यावे. या एका कृतीला लोक सर्वाधिक कंटाळतात आणि ती सर्वांत आधी गाळतात. ती गाळू नये. समोरच्याचे म्हणणे त्याला पटेल अशा शब्दांत सांगणे म्हणजे ते मान्य करणे नव्हे, हे सूत्रधाराने सुरुवातीलाच सांगून टाकावे, नाहीतर "मी ते बोललो म्हणजे मी कबूल केले असे होईल" या भीतीने कोणी बोलणार नाही.

ऐकताना पुढील चुका नेहमी होतात. बोलणारा हिश्श्याविषयी बोलत असतो आणि ऐकणारा त्याच्या स्वभावाविषयी उत्तर देतो. एखादी म्हातारी १९८० सालची गोष्ट सांगू लागली की तरुण मंडळी एकमेकांकडे पाहून हसतात. ते हसू तिला दिसते. कोणी रडले की विषय बदलला जातो, आणि रडणाऱ्याला आपले म्हणणे अर्धवट राहिल्याची खंत कायमची राहते; तिथे फक्त थांबावे, पाणी द्यावे, आणि "पुढे सांगायचे आहे का?" असे विचारावे.

टप्पा ६: विरोध कसा मांडावा

दुसऱ्या फेरीत विरोध मांडायचा असतो, आणि तो मांडलाच पाहिजे. "जाऊ दे, कशाला वाईटपणा," म्हणून गप्प बसलेला माणूस सभ्य दिसतो, पण त्याचा नकार नंतर सहीच्या दिवशी कळतो आणि तेव्हा सगळ्यांचे श्रम फुकट जातात. नकार आजच, स्पष्ट आणि मुद्द्यापुरता हवा.

विरोध मांडताना आधी ज्यावर सहमती आहे तेवढे सांगावे, मग नेमका कोणत्या मुद्द्यावर मतभेद आहे ते एका वाक्यात सांगावे, मग त्याचे कारण, आणि शेवटी समोरच्याला विचारावे. उदाहरणार्थ: "दादा, बागेची राखण तू केलीस आणि त्याचा मोबदला तुला मिळाला पाहिजे, यात दुमत नाही. माझा मतभेद एवढाच आहे की तो मोबदला उत्पन्नातून आधी वेगळा काढावा आणि उरलेले हिश्श्याप्रमाणे वाटावे. सगळे उत्पन्नच मोबदला म्हणून धरू नये. नाहीतर ज्या वर्षी मोहोर जळतो त्या वर्षी तुला काहीच मिळणार नाही. तुला यात काय अडचण दिसते?" असे बोलायला जास्त वेळ लागतो, हे खरे आहे.

काही वाक्ये तर बैठकीआधीच बाजूला काढून ठेवावीत. "तू मुंबयत रवतंस, तुका हयचा काय म्हायत?" हे त्यांपैकी पहिले, आणि त्याला तोडीस तोड म्हणजे "आम्ही पैसे पाठवले म्हणून घर उभे आहे." दोन्ही वाक्यांत थोडे तथ्य असते, म्हणूनच ती जास्त लागतात. पहिल्याच्या जागी "पावसाळ्यात इथे काय काय करावे लागते ते तुम्ही पाहिलेले नाही, ते आधी सांगतो," आणि दुसऱ्याच्या जागी "दुरुस्तीसाठी आम्ही पाठवलेल्या रकमा या यादीत आहेत, त्या जमेस धराव्यात," असे म्हणता येते. "तुझ्या बायकोने शिकवले" हे वाक्य कोणत्याही रूपात येऊ देऊ नये. ते आले तर सूत्रधाराने बैठक तिथेच थांबवून ते मागे घ्यायला लावावे. आणि मेलेल्या माणसांची साक्ष काढणे, "बाबांनी मला तोंडी सांगितले होते" असे म्हणणे, टाळता येत नसेल तर ते कागदावर "तोंडी, पुरावा नाही" असे लिहून घ्यावे आणि पुढे जावे. त्यावर वाद घालून काहीही सिद्ध होत नाही.

तपासा: आवाज चढला, दोन माणसे एकदम बोलू लागली किंवा कोणी उठून खळ्यात (अंगणात) गेला, तर पंधरा मिनिटे चहासाठी थांबा. उठून गेलेल्याला परत आणायला त्याच्या बाजूचा माणूस पाठवू नका. ज्याच्याशी वाद झाला त्यानेच जाऊन "चल, तुझे अर्धे बोलणे राहिले आहे" म्हणावे. तो लगेच येईल असे नाही. तरी जावे.

टप्पा ७: तोडगे मांडा, मग आकडे

आता पर्याय मांडावेत, आणि किमान तीन मांडावेत, कारण दोनच असले की ते पुन्हा दोन माणसांचे होऊन बसतात. सामायिक घराबाबत असे पर्याय निघू शकतात: सर्वांनी हिश्श्याप्रमाणे वर्गणी काढून दुरुस्ती, राहणाऱ्याने खर्च करून तो पुढील वाटणीत वळता करणे, घर एका शाखेकडे आणि त्याबदल्यात इतरांना बागेत किंवा वरकस (हलक्या, डोंगरउताराच्या) जमिनीत जास्त हिस्सा, किंवा घराची जागा आणि देवघर सामायिक ठेवून बाकी जमिनीचीच वाटणी. प्रत्येक पर्यायाला टप्पा ३ मध्ये कळलेल्या गरजा लावून पाहाव्यात. कोणाची कोणती गरज त्यात सुटते आणि कोणाची राहते, हे फळ्यावर किंवा मोठ्या कागदावर सर्वांना दिसेल असे लिहावे.

आकडे यानंतर यावेत. बाहेरच्या गिऱ्हाइकाने सांगितलेला भाव हा ऐकीव भाव असतो. तो खरा धरून एकमेकांना दोष देण्याआधी शासकीय मूल्यदर आणि शेजारच्या नोंदणीकृत व्यवहारांचे दर पाहावेत.

महामार्गासारख्या भूसंपादनाच्या मोबदल्यात वाद असेल तर एक गोष्ट सर्वांना माहीत असावी: राष्ट्रीय महामार्ग अधिनियम १९५६ नुसार मोबदल्याच्या वाटपावर हिस्सेदारांत तंटा असल्यास सक्षम प्राधिकारी तो दिवाणी न्यायालयाकडे पाठवतो, आणि निकाल लागेपर्यंत रक्कम कोणाच्याच हातात पडत नाही. हे धमकीसारखे सांगू नये. सुरुवातीच्या कागदांत जोडावे.

टप्पा ८: टिपण, सही आणि पुढची तारीख

जे ठरले ते त्याच बैठकीत लिहावे, आणि जे ठरले नाही तेही लिहावे. कागदाच्या डोक्यावर ठळक अक्षरांत लिहावे: "हे बैठकीचे टिपण आहे, हे वाटणीपत्र किंवा हक्कसोडपत्र नाही." ही ओळ नसेल तर सावध माणूस सही करत नाही आणि भोळा माणूस करतो, आणि दोन्ही वाईट आहे. प्रत्यक्ष वाटणी करणारा स्थावर मिळकतीचा दस्त आणि हक्कसोडपत्र नोंदणी अधिनियम १९०८ प्रमाणे नोंदणीकृत करावे लागतात. स्टॅम्पपेपरवर लिहून नोटरी केलेला कागद त्यांची जागा घेऊ शकत नाही. सर्व सहधारकांची संमती असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटणीचा अर्ज करता येतो.

सावधान: गणपतीला माहेरी आलेल्या बहिणींना परतीच्या दिवशी दुय्यम निबंधक कार्यालयात नेऊन हक्कसोडपत्रावर सह्या घेण्याची पद्धत गावोगाव आहे. ती करू नये. मसुदा तिच्या घरी आधी पाठवावा, तिला स्वतःच्या वकिलाला दाखवायला किमान महिना द्यावा, आणि तिने नकार दिला तरी ओवसा, भाऊबीज, बोलावणे यांत फरक पडणार नाही, हे भावाने स्वतः तिला सांगावे. घरात अज्ञान (अठरा वर्षांखालील) वारस असेल तर वकिलाच्या सल्ल्याशिवाय त्याच्या हिश्श्याबद्दल काहीही लिहू नये.

टिपणाच्या शेवटी कामे, ती कोणी करायची आणि कधीपर्यंत, हे लिहावे: मोजणीचा अर्ज कोण करणार, जुन्या फेरफाराची नक्कल कोण काढणार, पुढची बैठक शिमग्याला की मे महिन्यात. टिपण मोठ्याने वाचावे. वाचताना हरकत आली तर ती हरकतही लिहावी.

टप्पा ९: जमले नाही तर

दोन-तीन बैठकांनंतरही गाठ सुटत नसेल, तर दावा लावण्याआधी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करून दाखलपूर्व प्रकरण लोकअदालतीत ठेवता येते. तिथे तडजोड झाली तर तो निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नसते. म्हणून तिथे जातानाही हाच क्रम पाळावा आणि दडपणाखाली तडजोड करू नये.

वकिलाची नोटीस पाठवायचीच झाली, तर ती पोहोचण्यापूर्वी पाठवणाऱ्याने स्वतः फोन करून तसे सांगावे. गावात असे पत्र टपालाने आले की ते कशाचे, हे वाडीभर कळायला संध्याकाळ होत नाही, आणि आपल्याविरुद्धची नोटीस शेजाऱ्याच्या तोंडून कळणे हे नोटिशीपेक्षा जास्त लागते.

आणि दाव्याबरोबरच, किंबहुना त्याआधी, चालू व्यवस्थेचा एक वेगळा कागद करावा. घराची किल्ली कोणाकडे राहील, घरपट्टी आणि वीजबिल कोण भरेल, यंदाच्या हंगामाचे आंबे कोण काढेल आणि त्याचे पैसे कोणत्या खात्यात ठेवले जातील, विहिरीची आणि पाणंदीची वहिवाट कोणीही अडवणार नाही, गणपतीची पाळी पूर्वीच्याच क्रमाने चालेल, एवढ्या गोष्टी त्यात असाव्यात. "यामुळे कोणाचाही हक्क वाढत किंवा कमी होत नाही," ही ओळ वकिलाकडून तपासून घेऊन त्यात घालावी, म्हणजे चवथीला घर कोणी उघडायचे हे न्यायालयाच्या तारखेवर अवलंबून राहत नाही.